वाढीच्या संप्रेरकाचा मागोवा : डॉ. चो हाओ ली यांचे जीवनकार्य

शरीराची वाढ घडवून आणणारे संप्रेरक प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे करणाऱ्या आणि पुढील चार दशके त्याची रचना, त्याचे कार्य व त्याचे मोजमाप यांचाच ध्यास घेतलेल्या डॉ. चो हाओ ली यांचे नाव जैवरसायनाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. चीनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत कार्यरत राहिलेल्या या शास्त्रज्ञाच्या वाट्याला मोठे यश आले, तसाच एक जाहीर चुकीचा प्रसंगही आला. वाढ खुंटलेल्या मुलांवर आज जे उपचार होतात आणि रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून वाढीचा जो अंदाज बांधला जातो, त्यांच्या मुळाशी ली आणि त्यांच्या समकालीनांनी कूर्चेवर केलेले बारकाईचे काम आहे.

कँटन ते बर्कली

चो हाओ ली यांचा जन्म २१ एप्रिल १९१३ रोजी दक्षिण चीनमधील ग्वांगझू, म्हणजेच तेव्हाच्या कँटन शहरात झाला. त्यांचे वडील उद्योजक होते आणि कुटुंबात अकरा भावंडे होती. घरात शिक्षणाला मान होता. त्यांचे बंधू चो मिंग ली पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले आणि हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. चो हाओ यांनी नानकिंग विद्यापीठातून १९३३ मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि दोन वर्षे तेथेच अध्यापन केले.

१९३५ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले. त्यांचा बेत मिशिगन विद्यापीठात जाण्याचा होता. वाटेत भावाला भेटण्यासाठी ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथे उतरले आणि तेथेच राहिले. नानकिंगच्या पदवीविषयी बर्कलीत फारशी माहिती नव्हती. तथापि चीनमध्ये असतानाच त्यांनी केलेले संशोधन अमेरिकेतील रसायनशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. त्या बळावर त्यांना काही काळाच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. त्याच वर्षी ते विवाहबद्ध झाले.

तो काळ अमेरिकेतील चिनी माणसांसाठी सोपा नव्हता. चिनी लोकांच्या स्थलांतराला बंदी घालणारा कायदा १९४३ पर्यंत अमलात होता. अशा परिस्थितीत एका तरुण चिनी रसायनतज्ज्ञाला विद्यापीठात स्थान मिळवायचे, तर त्याचे काम वादातीत असणे आवश्यक होते. ली यांनी हे स्थान मिळवले ते हर्बर्ट इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेत.

इव्हान्स यांची प्रयोगशाळा

हर्बर्ट मॅक्लीन इव्हान्स हे त्या वेळी शरीरविज्ञानातील दबदबा असलेले नाव होते. ई जीवनसत्त्वाचा शोध त्यांनी आणि कॅथरिन बिशप यांनी १९२२ मध्ये लावला होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गुरांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क उंदरांना टोचून त्यांना नेहमीपेक्षा कितीतरी मोठे वाढवून दाखवले होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत वाढीला चालना देणारे काहीतरी आहे, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र ते नेमके कोणते द्रव्य, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अर्कात अनेक संप्रेरके एकमेकांत मिसळलेली असत आणि एका संप्रेरकाचा परिणाम दुसऱ्याच्या नावावर जमा होत असे.

हा गुंता सोडवण्यासाठी शरीरविज्ञानाच्या जोडीला रसायनशास्त्राची गरज होती. ली यांनी ती भरून काढली. पीयूषिका ग्रंथीतील संप्रेरके ही प्रथिने किंवा प्रथिनांसारखी द्रव्ये आहेत, तेव्हा प्रथिनांच्या रसायनशास्त्राच्या काटेकोर पद्धतींनीच ती वेगळी करावी लागतील, अशी त्यांची धारणा होती. क्षारांच्या द्रावणातून प्रथिने टप्प्याटप्प्याने खाली बसवणे, आम्लता बदलणे, विद्युत क्षेत्रात त्यांची हालचाल पाहणे अशा पद्धती त्यांनी चिकाटीने वापरल्या. १९४० मध्ये जननग्रंथींना चालना देणारे एक संप्रेरक त्यांनी वेगळे केले. १९४३ मध्ये अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे एसीटीएच हे संप्रेरक मेंढीच्या पीयूषिकेतून मिळवले. याच सुमारास येल विद्यापीठातील गटानेही डुकराच्या ग्रंथीतून हेच संप्रेरक स्वतंत्रपणे वेगळे केले होते. त्यानंतर १९४४ मध्ये ली आणि इव्हान्स यांनी गुरांच्या पीयूषिकेतून वाढीचे संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळवल्याचे जाहीर केले.

कूर्चेचा पट्टा आणि वाढीचे माप

एखादे द्रव्य शुद्ध झाले की नाही, हे ठरवायचे तर त्याची ताकद मोजता आली पाहिजे. शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर हाती आलेल्या पांढऱ्या भुकटीत संप्रेरक वाढले की घटले, हे डोळ्यांनी कळत नाही. तिचा सजीवावर होणारा परिणाम हीच तिची ओळख. सुरुवातीला उंदराचे वजन किती वाढते, यावरून हा अंदाज घेतला जाई. परंतु त्याला वेळ लागे आणि संप्रेरकही बरेच खर्ची पडे. शिवाय वजन अन्य कारणांनीही कमी-जास्त होते.

यावर बर्कलीच्या गटाने काढलेला उपाय वाढीच्या मूळ जागेशी भिडणारा होता. मुलांची किंवा पिल्लांची लांब हाडे मधून ताणली जाऊन वाढत नाहीत. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा, म्हणजे मऊ व लवचीक ऊतीचा, एक पातळ पट्टा असतो. त्यातील पेशी विभागतात, रांगेने रचल्या जातात, फुगतात आणि त्यांच्या जागी हळूहळू पक्के हाड तयार होते. हा पट्टा जोवर जिवंत आहे, तोवर उंची वाढते. पीयूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरात तो अरुंद होत जातो आणि वाढीचे संप्रेरक टोचले की पुन्हा रुंदावतो.

फ्रान्सिस ग्रीनस्पॅन, ली, मिरियम सिम्प्सन आणि इव्हान्स यांनी १९४९ मध्ये याच गुणधर्मावर आधारलेली चाचणी प्रसिद्ध केली. सुमारे चार आठवडे वयाच्या मादी उंदरांची पीयूषिका शस्त्रक्रियेने काढायची. जवळपास दोन आठवडे थांबून त्यांना चार दिवस रोज तपासायच्या द्रव्याची सुई द्यायची. त्यानंतर नडगीचे हाड उभे चिरून ते सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचे. कॅल्शियम साठलेला हाडाचा भाग काळपट होतो, तर कूर्चेचा पट्टा पांढराच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पांढऱ्या पट्ट्याची रुंदी मोजायची. संप्रेरकाची मात्रा जसजशी पटीने वाढवावी, तसतशी ही रुंदी ठरावीक प्रमाणात वाढत जाते. मायक्रोग्रॅमच्या घरातील मात्रेलाही ही चाचणी प्रतिसाद देत असे. पुढील अनेक वर्षे जगभरातील प्रयोगशाळांत वाढीच्या संप्रेरकाची ताकद ठरवण्याचा हा प्रमाण मार्ग राहिला.

१९५० मध्ये बर्कली येथे संप्रेरक संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन झाली आणि तिची धुरा ली यांच्याकडे आली. भारतासह अनेक देशांतील तरुण संशोधक तेथे येऊ लागले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढे नावाजलेले जैवरसायनतज्ज्ञ डॉ. एन. आर. मौदगल यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ली यांच्यासमवेत गुरांच्या व मेंढ्यांच्या वाढीच्या संप्रेरकावर संशोधन केले.

उंदरांना लागू, माणसांना नाही

गुरांचे संप्रेरक हाती आले, तेव्हा पीयूषिकेच्या दोषामुळे खुजी राहिलेली मुले आता वाढू शकतील, अशी आशा निर्माण झाली. कत्तलखान्यांतून गुरांच्या ग्रंथी मुबलक मिळत होत्या. डुकरांच्या व गुरांच्या ग्रंथींतून मिळवलेले इन्सुलिन माणसांना चालत होते, तेव्हा हेही चालेल असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. उंदराच्या कूर्चेला रुंदावणारे गुरांचे संप्रेरक माणसांवर निष्प्रभ ठरले. चाचणी चुकीची नव्हती. तिने उंदराबाबत खरे तेच सांगितले होते. माणसाबाबत ती काही सांगत नव्हती, हे उमगायला मात्र वेळ लागला.

याचे उत्तर ली आणि हॅरॉल्ड पॅपकॉफ यांच्या १९५६ मधील कामातून मिळाले. त्यांनी माणसाच्या आणि माकडाच्या पीयूषिकेतून वाढीचे संप्रेरक वेगळे केले. त्याची रचना गुरांच्या संप्रेरकाहून वेगळी असल्याचे दिसून आले. माणसाला प्राइमेट वर्गातील प्राण्यांचेच संप्रेरक लागू पडते, ही गोष्ट स्पष्ट झाली. मॉरिस रॅबेन यांनी मानवी संप्रेरकाने एका किशोरवयीन रुग्णाची वाढ घडवून आणल्याचे १९५८ मध्ये प्रसिद्ध केले.

त्यातून एक कठीण प्रश्न उभा राहिला. मानवी संप्रेरक मिळण्याचे एकमेव ठिकाण म्हणजे मृत व्यक्तींच्या शवविच्छेदनातून काढलेल्या ग्रंथी. एका ग्रंथीचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम आणि तिच्यातून मिळणारे संप्रेरक काही मिलिग्रॅम. एका मुलाच्या वर्षभराच्या उपचारासाठी अशा कितीतरी ग्रंथी लागत. अमेरिकेत १९६३ मध्ये या ग्रंथी गोळा करून संप्रेरकाचे वाटप करणारी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली, तरी पुरवठा तोकडाच होता. कोणत्या मुलाला औषध द्यायचे आणि कोणाला थांबवायचे, हा निर्णय डॉक्टरांना घ्यावा लागे. प्रयोगशाळेत हे संप्रेरक बनवता आले तरच ही कोंडी फुटणार होती, आणि त्यासाठी आधी त्याची रचना कळणे आवश्यक होते.

रक्तातील मध्यस्थ

याच काळात वाढीच्या मोजमापाचा दुसरा धागा सेंट लुईस शहरात गुंफला जात होता. रक्तातील वाढीच्या संप्रेरकाचे प्रमाण इतके अल्प असते की उंदराच्या नडगीवरील चाचणीने ते पकडणे कठीण. वॉशिंग्टन विद्यापीठातील विल्यम सॅमन आणि विल्यम डॉगडे यांनी संपूर्ण उंदराऐवजी त्याच्या कूर्चेचे तुकडेच काचेच्या भांड्यात ठेवून पाहिले. कूर्चा वाढताना आपल्या आधारद्रव्यात गंधकाची संयुगे सामावून घेते. द्रावणात किरणोत्सारी गंधक असलेले सल्फेट मिसळले, तर कूर्चेने किती सल्फेट शोषले हे मोजता येते. ते जितके अधिक, तितकी कूर्चेला मिळालेली चालना अधिक.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष अनपेक्षित होते. निरोगी उंदराचा रक्तरस कूर्चेला चालना देई. पीयूषिका काढलेल्या उंदराचा रक्तरस ती देत नसे. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे होते. पण या दुसऱ्या रक्तरसात भांड्यातच वाढीचे संप्रेरक मिसळले, तरी कूर्चा फारसा प्रतिसाद देत नसे. तेच संप्रेरक आधी त्या उंदराला टोचले आणि मग त्याचा रक्तरस घेतला, तर मात्र चालना परत येई. याचा अर्थ असा होता की वाढीचे संप्रेरक शरीरात दुसरे एक द्रव्य तयार करवते आणि तेच रक्तावाटे कूर्चेपर्यंत पोहोचते. या मध्यस्थाला प्रथम सल्फेट शोषणाशी निगडित नाव मिळाले. १९७२ मध्ये त्याचे सोमॅटोमेडिन असे नामकरण झाले. १९७८ मध्ये झुरिच येथील रिंडरक्नेख्ट आणि हुंबेल यांनी त्याची ७० अमिनो आम्लांची साखळी उलगडली. इन्सुलिनशी असलेल्या साम्यामुळे ते आज आयजीएफ-१ या नावाने ओळखले जाते.

या शोधाने ली यांच्या कामाला नवा अर्थ दिला. त्यांच्या चाचणीतील कूर्चेचा पट्टा रुंदावत होता, तो संप्रेरकामुळेच. परंतु संप्रेरक आणि कूर्चा यांच्यामध्ये आणखी एक दूत काम करत होता. काही मुलांच्या रक्तात वाढीचे संप्रेरक भरपूर असूनही ती खुजी का राहतात, याचा उलगडाही यातूनच झाला. त्यांच्या शरीरात संप्रेरकाचा संदेश पोहोचत नाही आणि हा दूत पुरेसा तयारच होत नाही.

चूक आणि दुरुस्ती

संप्रेरकाची रचना उलगडण्याचे काम ली यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे चालू होते. १९६२ मध्ये पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांवरील कार्यासाठी त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये त्यांच्या गटाने मानवी वाढीच्या संप्रेरकाच्या अमिनो आम्लांचा क्रम प्रसिद्ध केला. त्यांच्या मते ही साखळी १८८ अमिनो आम्लांची होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची प्रयोगशाळा बर्कलीहून सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेली. तेथे डोनाल्ड यामाशिरो यांच्या साथीने त्यांनी हा क्रम प्रमाण मानून रसायनांपासून संप्रेरक बनवण्याचा ध्यास घेतला. एकेक अमिनो आम्ल जोडत एवढी मोठी साखळी तयार करणे हे त्या काळी धाडसच होते.

१९७१ च्या जानेवारीत या कृत्रिम संप्रेरकाची घोषणा झाली आणि जगभरातील वृत्तपत्रांनी तिला ठळक स्थान दिले. खुज्या मुलांच्या पालकांसाठी ही मोठी आशा होती. तथापि उंदरांवरील वाढीच्या चाचणीत कृत्रिम द्रव्याने नैसर्गिक संप्रेरकाच्या ताकदीचा अल्पसा अंशच दाखवला. त्याच वर्षी बोस्टन येथील ह्यू नायल यांनी ली यांच्या मूळ क्रमातच चूक असल्याचे निदर्शनास आणले. साखळीचा काही भाग चुकीच्या जागी बसवला गेला होता आणि काही अमिनो आम्ले निसटली होती. खरी साखळी १९१ अमिनो आम्लांची असल्याचे पुढे निश्चित झाले.

आयुष्यभराच्या कामातील पायाभूत आकडाच चुकल्याचे जगासमोर यावे, हा कोणत्याही शास्त्रज्ञासाठी कसोटीचा क्षण असतो. ली यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुन्हा विश्लेषण केले आणि १९७१ मध्येच रचनेची दुरुस्ती स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली. कूर्चेचा पट्टा पुरेसा रुंदावला नव्हता, ही खूण प्रयोगात आधीच उमटली होती. तिचा अर्थ नंतर लागला. ली यांचे संशोधन या धक्क्याने थांबले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले.

उंटाची ग्रंथी आणि अखेरची वर्षे

ली यांच्या पुढील मोठ्या शोधाची वाट उंटाकडून आली. मेदाच्या विघटनाशी निगडित असलेल्या पीयूषिकेतील एका द्रव्याचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी उंटाच्या ग्रंथी मिळवल्या होत्या. अपेक्षित द्रव्य त्यांत अल्पच निघाले. त्याऐवजी त्याच साखळीचा एक तुकडा, ३१ अमिनो आम्लांचा, हाती लागला. १९७६ मध्ये त्यांनी आणि डेव्हिड चुंग यांनी त्याची रचना प्रसिद्ध केली. मेंदूत दिल्यास वेदना शमवण्यात तो मॉर्फिनपेक्षा कितीतरी पट प्रभावी ठरला. बीटा-एन्डॉर्फिन या नावाने तो आज सर्वपरिचित आहे.

मानवी वाढीच्या संप्रेरकाचा तुटवडा अखेर जनुकीय तंत्रज्ञानाने मिटवला. १९७९ मध्ये या संप्रेरकाचे जनुक जिवाणूत घालून ते बनवून घेण्यात शास्त्रज्ञांना यश आले. हे यश अगदी योग्य वेळी आले, कारण मृतांच्या ग्रंथींपासून बनवलेल्या औषधामागे एक धोका लपलेला होता. ते औषध घेतलेल्या काही तरुणांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा प्राणघातक आजार झाल्याचे १९८५ मध्ये उघडकीस आले. १९६३ पासून अमेरिकेत सुमारे ७,७०० मुलांना हे औषध मिळाले होते. त्याचे वाटप तातडीने थांबवण्यात आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जिवाणूंनी बनवलेल्या संप्रेरकाला मान्यता मिळाली. ते बनवणे शक्य झाले, त्यामागे संप्रेरकाच्या शुद्धीकरणाची आणि रचनेची, चुका व दुरुस्त्यांसह घडलेली, तीन दशकांची मेहनत होती.

आयुष्याच्या उत्तरार्धात ली यांचे लक्ष पुन्हा कूर्चेकडे वळले. १९८३ मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यांनी सहकाऱ्यांसह आयजीएफ-१ ची ७० अमिनो आम्लांची संपूर्ण साखळी रासायनिक मार्गाने तयार केली. ज्या मध्यस्थाचा माग सेंट लुईसमध्ये कूर्चेच्या तुकड्यांवर लागला होता, तो आता त्यांच्या प्रयोगशाळेत घडवला गेला. मूळ संप्रेरकाबाबत जे हातून निसटले होते, ते या लहान साखळीत साधले. मायदेशाच्या बाजूला, तैवानमध्ये, जैवरसायनाच्या संशोधनाची घडी बसवण्यातही त्यांचा वाटा होता. त्यांच्या नावावर एक हजाराहून अधिक शोधनिबंध जमा आहेत.

२८ नोव्हेंबर १९८७ रोजी वयाच्या ७४ व्या वर्षी डॉ. ली यांचे निधन झाले. आज एखाद्या मुलाची उंची वयाच्या मानाने कमी भरते, तेव्हा डॉक्टर त्याच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून कूर्चेचे पट्टे खुले आहेत की मिटले, हे पाहतात आणि रक्तातील आयजीएफ-१ चे प्रमाण तपासण्यास सांगतात. ही तपासणी आता उंदीर किंवा कूर्चेच्या तुकड्यांशिवाय, प्रतिपिंडांच्या साह्याने होते आणि देशातील बहुतेक मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. अहवालावरील तो एक आकडा वाचताना, तो समजण्याजोगा व्हावा म्हणून नडगीच्या हाडातील पांढरा पट्टा वर्षानुवर्षे मोजत राहिलेल्या माणसांचे श्रम त्यामागे उभे आहेत.